कृष्णवर्णीय समलिंगी पुरुष आणि समुदायाधारित एचआयव्ही प्रतिबंध

अमेरिकेतील कृष्णवर्णीय समलिंगी व उभयलैंगिक पुरुषांनी आपल्या संस्था, चर्च व नृत्यगृहे यांच्या आधारे उभारलेले एचआयव्हीविषयक प्रबोधन, तपासणी व शुश्रूषेचे कार्य.

त्याचा आरंभ सामान्यतः १९८५-८६ च्या सुमारास मानतात. लॉस अँजेलिसमध्ये कार्ल बीन या धर्मोपदेशकांनी ‘मायनॉरिटी एड्स प्रोजेक्ट’ सुरू केला. वॉशिंग्टनमध्ये ‘अस हेल्पिंग अस’ हा आधारगट जमू लागला. न्यूयॉर्कमध्ये चार्ल्स एंजल यांनी ‘गे मेन ऑफ आफ्रिकन डिसेंट’ स्थापन केली. मात्र संस्थांच्या स्थापनेवरून केलेली ही कालगणना अपुरी वाटते. ‘अस हेल्पिंग अस’चे एक संस्थापक रेनी चीक्स वॉशिंग्टनमधील ज्या ‘क्लबहाउस’ नृत्यगृहाशी निगडित होते, ते १९७५ पासून चालू होते. शहरातील श्वेतवर्णीयांच्या बारमध्ये कृष्णवर्णीयांकडे दारातच दोन-दोन, तीन-तीन ओळखपत्रे मागितली जात. अशा पुरुषांना हक्काची जागा क्लबहाउसमध्ये मिळाली आणि एड्सची साथ आली तेव्हा परस्परविश्वासाचे जाळे तेथे तयारच होते. म्हणून परंपरेची मुळे तेथपर्यंत नेणे सयुक्तिक ठरते.

लागणीच्या मोठ्या प्रमाणाची कारणमीमांसा हा खरा वादाचा विषय. या पुरुषांचे वर्तनच बेफिकीर, असा समज दीर्घकाळ रूढ होता. संशोधक ग्रेगरी मिलेट व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये उपलब्ध संशोधनाचा आढावा घेतला व २००७ मध्ये आकडेवारीचे एकत्रित विश्लेषण केले. त्यात या पुरुषांचे जोडीदार श्वेतवर्णीय समलिंगी पुरुषांपेक्षा कमीच आढळले. असुरक्षित संबंधांचे प्रमाणही अधिक नव्हते. जोडीदार बहुधा स्वतःच्याच समाजातले असतात; तेथे बाधितांचे प्रमाण आधीच जास्त, निदान उशिरा आणि औषधोपचार खंडित. त्यामुळे अनेकांच्या रक्तातील विषाणूंचे प्रमाण खाली येत नाही आणि तितक्याच संबंधांतून धोका कितीतरी वाढतो. हेच मत ग्राह्य दिसते. दोष माणसांच्या माथी मारणाऱ्या जुन्या मताने तपासणीपासून लोक दूरच गेले असावेत. तेव्हाचे प्रमाण कायम राहिल्यास कृष्णवर्णीय समलिंगी व उभयलैंगिक पुरुषांपैकी दोघांत एकाला, तर श्वेतवर्णीयांत अकरांत एकाला आयुष्यात लागण होईल, असा सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेचा २०१६ मधील अंदाज होता. एवढी तफावत वर्तनाने उलगडत नाही.

कार्यपद्धतींत ‘मेनी मेन, मेनी व्हॉइसेस’ हा १९९० नंतरच्या दशकात न्यूयॉर्क राज्यात घडलेला गटचर्चेचा कार्यक्रम विशेष उल्लेखनीय. त्यात निरोधाच्या जोडीने वर्णभेद, घरची व चर्चमधली अवहेलना यांवरही बोलले जाते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याचा उपयोग दिसून आला.

प्रतिबंधक गोळीला (प्रेप) २०१२ मध्ये मान्यता मिळाली. लॉस अँजेलिस, वॉशिंग्टन व चॅपेल हिल येथील ‘एचपीटीएन ०७३’ या अभ्यासात २२६ कृष्णवर्णीय पुरुषांपैकी ७९ टक्क्यांनी ती स्वीकारली. गोळीसोबत विमा, निवारा, नोकरी अशा अडचणींत साहाय्य करणारा समन्वयक त्यांना दिलेला होता.

दक्षिणेकडील राज्यांत लागण सर्वाधिक आहे. तरीही टेक्सस, फ्लोरिडा, मिसिसिपी इ. राज्यांनी गरिबांसाठीच्या मेडिकेड विम्याची व्याप्ती वाढविलेली नाही.