अपिलाच्या न्यायालयापर्यंतची लांब वाट

शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात आज काळ्या कोटातल्या मुली जागोजागी दिसतात. त्यांची गोष्ट पुण्यातच सुरू झाली. कॉर्नेलिया सोराबजी डेक्कन कॉलेजच्या विद्यार्थिनी. इतक्या हुशार, तरी इंग्लंडची सरकारी शिष्यवृत्ती केवळ बाई म्हणून नाकारली गेली. हितचिंतकांच्या मदतीने त्या ऑक्सफर्डला गेल्या, 1892 साली कायद्याची परीक्षा दिली. पदवी हातात पडली 1922 मध्ये. भारतात स्त्रियांच्या वकिलीच्या सनदेचा अडसर 1923 च्या कायद्याने दूर झाला.

त्यानंतरही वरची दारं फार सावकाश उघडली. मुंबई उच्च न्यायालय 1862 चं. तिथे सुजाता मनोहर ह्या पहिल्या स्त्री न्यायाधीश 1978 मध्ये आल्या. सर्वोच्च न्यायालयाने लीला सेठ यांना 1977 साली ‘ज्येष्ठ वकील’ हा दर्जा दिला आणि दुसऱ्या स्त्रीला, इंदू मल्होत्रांना, तो मान मिळायला 2007 उजाडलं. मधली तीस वर्षं कुणी लायकच नव्हतं, हे मला पटत नाही. जातीचंही तेच. सर्वोच्च न्यायालयात पहिले दलित न्यायाधीश, ए. वरदराजन, 1980 मध्ये आले. 2018 पासून उच्च न्यायालयांत नेमलेल्यांपैकी तीन चतुर्थांशाहून अधिक न्यायाधीश खुल्या प्रवर्गातले आहेत.

खरी गाठ उच्च न्यायालयाच्या बारमध्ये, म्हणजे तिथल्या वकीलवर्गात आहे. तिथे दहा वर्षं वकिली केलेल्यांतून थेट न्यायाधीश निवडले जातात. जिल्हा न्यायाधीशही वर जातात, पण बहुधा पन्नाशीनंतर. बासष्टाव्या वर्षी निवृत्ती, म्हणजे पुढे दिल्लीतलं सर्वोच्च न्यायालय गाठायला वेळच उरत नाही. वरच्यापेक्षा खालच्या न्यायालयांत स्त्रियांचं प्रमाण जास्त आहे, त्यामुळे हा फटका त्यांना अधिक बसतो.

पुण्याच्या वकिलीणबाईंसाठी तर दुसरं अपील (जिल्हा न्यायालयातल्या अपिलानंतर उच्च न्यायालयात केलेलं) म्हणजे सकाळची डेक्कन क्वीन, मुंबईत फोर्टातल्या उच्च न्यायालयात दिवसभर बोर्डाकडे, म्हणजे त्या दिवसाच्या खटल्यांच्या यादीकडे डोळे आणि मॅटर पोचलंच नाही तर पुढची तारीख घेऊन रात्री घर. घरी लहान मूल असेल, मुंबईत बसायला कुणाचं चेंबर नसेल, तर फाइल तिथल्या वकिलाकडे सोपवली जाते. मग खटला उभा करणारी ती, पण न्यायमूर्तींसमोर युक्तिवाद करणारा दुसराच. कॉलेजियमपुढे, म्हणजे नेमणुकांसाठी नावं सुचवणाऱ्या ज्येष्ठ न्यायाधीशांच्या मंडळापुढे, नाव जातं ते उभं राहून बोलणाऱ्याचं.

म्हणूनच पुण्यात उच्च न्यायालयाचं खंडपीठ हवं, ही इथल्या वकिलांची जुनी मागणी मला प्रतिनिधित्वाचाही प्रश्न वाटते. ऑगस्ट 2025 मध्ये कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, सुरू झालं. सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग त्याला जोडले गेले. पुणे जिल्ह्याची अपिलं अजून मुंबईलाच जातात.