विकास आराखडा आणि पश्चिम घाटाचा मसुदा : हरकत कुठे, कधी आणि कशी द्यायची (सातारा जिल्हा)

पाटण, जावळी, महाबळेश्वर आणि सातारा तालुक्याच्या डोंगरपट्ट्यातून गठ्ठ्यानं हरकती जातात आणि त्यातल्या बऱ्याच उपयोगी पडत नाहीत. मुद्दा चुकीचा असतो असं नाही. बहुतेक वेळा अर्ज चुकीच्या दारात गेलेला असतो.

एकाच गावावर दोन वेगळे कागद लागू असू शकतात. पश्चिम घाटाच्या पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्राचा मसुदा केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाचा असतो. त्याची हरकत दिल्लीला, इंदिरा पर्यावरण भवनात मंत्रालयाच्या सचिवांच्या नावे जाते. नवीन महाबळेश्वर या राज्याच्या गिरिस्थान प्रकल्पातल्या गावांचा विकास आराखडा राज्य रस्ते विकास महामंडळाकडे आहे, कारण तिथं तेच विशेष नियोजन प्राधिकरण, म्हणजे आराखडा करणारी संस्था, आहे. सातारा, कराड, फलटणसारख्या शहरांचा आराखडा नगरपालिकेचा. ही कार्यालयं एकमेकांचे अर्ज पुढे पाठवतील अशा भरवशावर राहू नका. तहसीलदारांना दिलेलं निवेदन म्हणजे हरकत नव्हे. त्यावर शिक्का मिळाला म्हणून लोक निर्धास्त होतात आणि तिथंच मुदत निघून जाते.

मुदतीचा घोळ सगळ्यात मोठा. जाहिरातीत महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाचं कलम २६ लिहिलं असेल, तर ३० दिवस राजपत्रात सूचना आली त्या तारखेपासून धरतात. आपल्याकडे लोक पेपर वाचून दिवस मोजतात. जाहिरात पेपरात उशिरा आली तर तेवढे दिवस आपले गेलेच. केंद्राच्या मसुद्याला ६० दिवस असतात, पण ते राजपत्राच्या प्रती लोकांना उपलब्ध झाल्यापासून. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. हा मसुदा २०१४, २०१५, २०१७, २०१८, २०२२ आणि २०२४ असा सहा वेळा निघाला. दर वेळी मुदत नवी असते. २०१८ ला हरकत दिली होती म्हणून २०२४ ला दिली नाही, असं करू नका.

हरकत कोण देऊ शकतं? कायद्यात ‘कोणतीही व्यक्ती’ असं आहे. सातबारा आजोबांच्या नावावर असला, वारसनोंद राहिली असली, तुम्ही कूळ असलात, तरी हरकत देता येते. खिडकीवर कुणी ‘तुमच्या नावचा उतारा आणा’ म्हणून परत पाठवत असेल, तर वाद घालत बसू नका. अर्ज आवकमध्ये द्या आणि पोचेवर आवक क्रमांक व तारीख घ्या. घेतलाच नाही तर त्याच दिवशी स्पीड पोस्टानं पाठवा. मुदत संपत आल्यावर लोकांना असं परत पाठवणं हा अन्याय आहे, पण त्याची तक्रार नंतर करा.

आता अडणारा कागद. विकास आराखड्यावर आपली जमीन नेमकी कुठे आहे हे दाखवायला त्या आराखड्याचा भागनकाशा आणि गावाचा गट नकाशा दोन्ही लागतात. जुन्या खरेदीखतात सर्व्हे नंबर असतो, आराखड्यात गट नंबर, आणि गावनकाशावर पोटहिस्सा बहुधा दिसतच नाही. चार भावांत वाटणी झालेल्या गटातून रस्ता जात असेल, तर कुणाचा हिस्सा जातो हे मोजणीच्या ‘क’ प्रतीशिवाय, म्हणजे मोजणीनंतर मिळणाऱ्या हद्दीच्या नकाशाशिवाय, सांगता येत नाही. आणि मोजणी महिनाभरात होईलच असं नाही. म्हणून अर्ज थांबवू नका. पूर्ण गट नंबर लिहा, हाताने काढलेला नकाशा जोडा, ‘मोजणीसाठी अर्ज केला आहे’ असं लिहून त्याची पावती लावा. आराखड्याचा उतारा वाजवी किमतीत मिळण्याची तरतूद कलम २६ मध्येच आहे, तो मागून घ्या.

पश्चिम घाटाच्या मसुद्यातल्या गावांच्या यादीचं गणित वेगळं. तिथं एकक महसुली गाव आहे, वाडी नाही. आपल्या वाडीचं नाव यादीत नाही म्हणून खूश होण्याआधी सातबाराच्या माथ्यावरचं गावाचं नाव वाचा. मसुद्यात खाणी, दगडखाणी, वाळूउपसा, लाल श्रेणीतले (सर्वाधिक प्रदूषण करणारे) नवे उद्योग, २० हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठी नवी बांधकामं यांवर बंदी आहे. शेती, जमिनीची विक्री, राहत्या घराची दुरुस्ती यांवर नाही. त्यामुळे ‘आमची शेती बंद पडेल’ एवढंच लिहिलेल्या हरकतीत वजन नसतं. केंद्रानं पश्चिम घाटासाठी नेमलेल्या कस्तुरीरंगन समितीनं गावाचं २० टक्के किंवा जास्त क्षेत्र संवेदनशील दिसलं की पूर्ण गाव धरलं. गाव वगळायला सांगायचं असेल तर बोलणं त्या टक्केवारीवर हवं. तलाठ्याकडून गाव नमुना १ आणि वनजमिनीचा १-अ यांचे उतारे घ्या आणि लागवडीखालचं, गावठाणाचं, वनाचं क्षेत्र मांडा. मराठी अर्जासोबत हिंदी किंवा इंग्रजी प्रत जोडलेली बरी.

हरकत म्हणजे फक्त विरोध असंही नाही. गावाच्या झऱ्याच्या वरच्या अंगाला, सड्यावर (डोंगरमाथ्यावरच्या कातळपठारावर), बांधकामाचा पट्टा दाखवला असेल तर तो काढा अशी सूचना देता येते. अशा सूचना फार कमी येतात याचं मला मनापासून वाईट वाटतं. मे महिन्यात पाणी कुठल्या झऱ्याला टिकतं हे गावालाच माहीत असतं, नकाशा काढणाऱ्याला नाही. झऱ्याचा गट नंबर आणि पिणाऱ्या घरांची संख्या लिहा.

मागणी एका वाक्यात असू द्या. ‘आराखडा रद्द करा’ यापेक्षा ‘रस्त्याची आखणी गट अमुकच्या बांधावरून न्यावी’ हे ऐकून घेतलं जातं. ग्रामसभेचा ठराव जोडलात तर उत्तम. तो सक्तीचा नाही, आणि ठराव झाला म्हणून स्वतःची हरकत द्यायची टाळू नका.

विकास आराखड्यात नंतर नियोजन समितीपुढे सुनावणी होते आणि तिची नोटीस अर्जावरच्या पत्त्यावर येते. आपल्याकडची निम्मी घरं माथाडीच्या कामामुळे मुंबई-नवी मुंबईत, गावचं घर कुलूपबंद. नोटीस दारातच पडून राहते आणि ‘अर्जदार गैरहजर’ अशी नोंद होते. अर्जावर माणूस राहतो तो पत्ता आणि चालू मोबाईल नंबर लिहा. स्वतः जमणार नसेल तर भावाला किंवा पुतण्याला सहीचं अधिकारपत्र आणि आवक शिक्क्याची पोच देऊन पाठवा.