सॉफ्टवेअर घेतलं की उधारी आपोआप जुळते?

'दुकानात सॉफ्टवेअर टाका, उधारी आपोआप जुळते' हा मेसेज कृषी केंद्रवाल्यांच्या ग्रुपवर दर खरिपाआधी फिरतो. तसं वाटणं साहजिक आहे. पण सॉफ्टवेअर आपण भरलेल्या आकड्यांचीच बेरीज करतं. आपल्याकडे खत बाप नेतो, खातं पोराच्या नावावर, अन् कापूस विकल्यावर पैसे आणून देतो काका! जमा कोणाच्या खात्यावर, हे आधी ठरलं नसेल तर वहीतला घोळ स्क्रीनवर जातो, एवढंच.

पडताळायचं असेल तर जुन्या वहीतल्या दहा उधाऱ्या काढा. माल कोणी नेला, नोंद कोणी केली, वसुली कुठं लिहिली, हे कागदावर मांडा. कीटकनाशक असेल तर बॅच नंबर आणि मुदतही. मग सॉफ्टवेअर विकणाऱ्याला म्हणा, डेमो याच दहा नोंदींवर दाखवा.