टायटल सिक्स हा धर्माचा कायदा नाही

अमेरिकेतल्या एखाद्या विद्यापीठात ज्यू किंवा मुस्लिम विद्यार्थ्यांचा छळ झाल्याची बातमी आली की आपल्याकडे मथळा ठरलेला असतो: ‘धार्मिक भेदभावाबद्दल विद्यापीठाची चौकशी’. २०२३च्या ऑक्टोबरपासून हा मथळा मी इतक्या वेळा वाचलाय, की शेवटी लिहायला बसले. ज्या कायद्याखाली ही चौकशी होते त्यात धर्म हा शब्दच नाही. आणि तो नसल्यामुळे कुणाची तक्रार घेतली जाते, कुणाची बाजूला पडते, हे सगळंच बदलतं.

आपल्या घटनेचं पंधरावं कलम शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान. त्यात धर्म पहिला, म्हणून तिकडेही तसंच असणार असं आपण धरून चालतो. तिकडच्या १९६४च्या नागरी हक्क कायद्याचा सहावा भाग, म्हणजे टायटल सिक्स, केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या संस्थांना लागू होतो. संशोधनाची अनुदानं आणि विद्यार्थ्यांची सरकारी मदत यांमुळे जवळजवळ सगळी विद्यापीठं, अगदी खासगीसुद्धा, त्यात येतात. भेदभावाची कारणं मात्र तीनच दिली आहेत: वंश, वर्ण आणि मूळ देश. त्याच कायद्याच्या नोकऱ्यांबद्दलच्या सातव्या भागात धर्म आहे, हॉटेलं-थिएटरांबद्दलच्या दुसऱ्या भागातही आहे. सहाव्यात नाही.

मग ज्यू विद्यार्थ्याची तक्रार आत येते कुठून? आणि मुस्लिम विद्यार्थिनीची? दोघांची एकाच दारातून येते, आणि ते दार वंशपरंपरेचं आहे. खरा घोळ इथेच होतो.

नोव्हेंबर १९८२मध्ये मेरीलँड राज्यात सिल्व्हर स्प्रिंग इथल्या एका सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाच्या, बाहेरच्या भिंतींवर लाल आणि काळ्या रंगानं मोठमोठ्या ज्यूद्वेषी घोषणा आणि चिन्हं फवारलेली सापडली. सिनेगॉगनं १८६६च्या नागरी हक्क कायद्याखाली दावा लावला. तो कायदा वांशिक भेदभावाचा, आणि ज्यू हा काही वेगळा वंश नाही, असं म्हणून खालच्या कोर्टांनी दावा फेटाळला. दुसरीकडे पेनसिल्व्हेनियातल्या सेंट फ्रान्सिस कॉलेजनं १९७८मध्ये इराकमध्ये जन्मलेल्या एका अरब प्राध्यापकाला कायम करायला नकार दिला होता. तोही कोर्टात गेला. त्याच्यापुढेही हाच मुद्दा आला: अरब हे गोऱ्या वंशातच मोडतात, मग वांशिक भेदभाव कसला?

दोन्ही खटले सर्वोच्च न्यायालयात पोहोचले आणि दोन्हींचा निकाल एकाच दिवशी लागला, १८ मे १९८७ रोजी. न्यायालयाचं म्हणणं असं, की आजचं शास्त्र वंश कशाला म्हणतं हा प्रश्नच नाही. एकोणिसाव्या शतकात हा कायदा झाला तेव्हा लोक ज्यूंना आणि अरबांना वेगळे वंश समजत होते, आणि ज्यांना त्यांच्या कुळामुळे, वंशपरंपरेमुळे वाईट वागणूक मिळते त्यांना या कायद्यानं संरक्षण द्यायचं ठरवलं होतं. प्राध्यापकाला न्यायालयानं सांगितलं, की जन्मानं अरब असल्यामुळे आपल्याशी असं वागले हे त्यानं दाखवावं. नुसतं धर्मामुळे वागले, एवढं पुरायचं नाही.

ज्यूंचं सिनेगॉग आणि अरब प्राध्यापक, दोघांना एकाच दिवशी एकाच तर्कानं न्याय मिळाला. आज या दोन समाजांच्या तक्रारी एकमेकींविरुद्ध उभ्या केल्या जातात तेव्हा मला ही तारीख आठवते. ती जास्त लोकांना माहीत असायला हवी होती.

टायटल सिक्सला हे सूत्र लागू व्हायला २००४ उजाडलं. शिक्षण खात्याच्या नागरी हक्क कार्यालयानं विद्यापीठांना पत्र पाठवून कळवलं, की समान वंशपरंपरा असलेल्या लोकांचा धर्मही एकच आहे, एवढ्या कारणानं त्यांचं संरक्षण काढून घेता येणार नाही. बुश यांच्या काळातलं हे धोरण ओबामांच्या काळात २०१०च्या पत्रानं टिकवलं. ट्रम्प यांनी डिसेंबर २०१९मध्ये ज्यूद्वेषाबद्दल तसा आदेश काढला. बायडन यांच्या काळात, नोव्हेंबर २०२३मध्ये, खात्यानं पुन्हा सगळ्या शाळा-कॉलेजांना पत्र धाडलं. त्यात ज्यू आणि मुस्लिमांबरोबर शीख आणि हिंदू विद्यार्थीही नाव घेऊन आले. आपल्या मुलांनाही हे लागू आहे, हे इकडच्या पालकांना सहसा माहीत नसतं.

धर्म आणि वंशपरंपरा यांतला फरक आपल्याला खरं तर कोकणातच दिसतो. अलिबागच्या इस्राएल आळीत सिनेगॉग आहे. त्या भागातल्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू, कुटुंबांची आडनावं पेणकर, रोहेकर, किहीमकर. घरची भाषा मराठी. शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून गावानं त्यांना शनिवार तेली म्हटलं. आता बघा: महाराष्ट्र सरकारनं २०१६मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला तो धर्म म्हणून. ही माणसं इस्रायलला गेली तेव्हा १९६०च्या दशकात तिथल्या धर्मपीठानं लग्नाच्या वेळी त्यांची वंशावळ विचारायला सुरुवात केली, आणि १९६४मध्ये तिथल्या संसदेला ते पूर्ण ज्यू आहेत असं जाहीर करावं लागलं. आणि यांच्यातलाच एखादा मुलगा अमेरिकेत शिकायला गेला आणि वसतिगृहात कुणी त्याला ज्यू म्हणून छळलं, तर टायटल सिक्स त्याच्याकडे वंशपरंपरा म्हणून बघणार. तो शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा दिवस, पाळतो का, हे कुणी विचारणार नाही. देव मानत नसला तरी फरक पडत नाही.

म्हणून काही प्रसंग शेजारी ठेवून बघायला हवेत. योम किप्पूरच्या, म्हणजे ज्यूंच्या उपासाच्या पवित्र दिवशी परीक्षा ठेवली आणि तारीख बदलून द्यायला नकार दिला, तर ही धर्माची तक्रार झाली. सरकारी विद्यापीठाच्या बाबतीत ती न्याय खात्याकडे जाऊ शकते, पण टायटल सिक्सची ती नव्हे. नमाजाला खोली नाकारली, तर तेही तसंच. पण कोहेन हे ज्यू आडनाव दिसलं म्हणून गटातून बाहेर काढलं, की टायटल सिक्स. हिजाब ओढून ‘तुझ्या देशात परत जा’ म्हटलं, तरी टायटल सिक्स. रंग, भाषा, धार्मिक पोशाख यांवरून एखाद्याला कुठला तरी परका समजून छळलं की ते यात येतं, असं शिक्षण खात्याच्या पत्रकातच लिहिलं होतं. छळणाऱ्याचा अंदाज चुकला तरी चालतं. पगडीवाल्या शीख मुलाला अरब समजून त्रास दिला, तरी संरक्षण त्याला मिळतंच.

मात्र दार एक असलं तरी आत जाणं दोघांना सारखं सोपं नाही. हे कुणी सांगत नाही याचा मला राग आहे. ज्यू समाज स्वतःकडेच धर्म आणि कूळ असा एकत्र बघतो, त्यामुळे ‘ज्यू म्हणून’ एवढे दोन शब्द पुरतात. मुस्लिम मात्र इंडोनेशियापासून सेनेगलपर्यंतचे. इस्लामला कूळ नाही. म्हणून मुस्लिम विद्यार्थ्याच्या तक्रारीत बहुतेक वेळा अरब, पॅलेस्टिनी, दक्षिण आशियाई असा आणखी एक शब्द लागतो. इस्लाम स्वीकारलेल्या गोऱ्या अमेरिकी मुलीला निव्वळ श्रद्धेवरून टोमणे मारले, तर ती या दारातून आत येईलच असं नाही. ही कायद्यातली खरी फट आहे आणि ती बुजवायला हवी. ‘ज्यूंसाठी कायदा आहे, मुस्लिमांसाठी नाही’ हे वाक्य चूक आहे. ‘दोघांना अगदी सारखंच संरक्षण आहे’ हेही चूकच.

बाकीचे फरक पटकन सांगते. बायडन सरकारनं ज्यूद्वेषाविरुद्धचं राष्ट्रीय धोरण मे २०२३मध्ये आणलं. मुस्लिम आणि अरबद्वेषाविरुद्धचं आलं डिसेंबर २०२४मध्ये, सरकार जायला महिनाभर उरला असताना. ज्यूद्वेषाची आयएचआरए या, होलोकॉस्टची स्मृती जपणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेची व्याख्या २०१६ची, ती ‘कायदेशीर बंधनकारक नाही’ असं तिच्यातच लिहिलंय. मुस्लिमद्वेषाची तशी सर्वमान्य व्याख्या नाही. आणि टायटल सिक्स हा फौजदारी कायदा नाही, तेव्हा ‘विद्यापीठावर गुन्हा दाखल’ असं छापू नये.

इस्रायल सरकारवर टीका केली म्हणून कुणावर टायटल सिक्स लागत नाही. सरकारी विद्यापीठांत तर बोलण्याचं स्वातंत्र्य अमेरिकेची घटनाच देते. विद्यापीठाला जबाबदार धरायचं तर एखाद्या विद्यार्थ्याला त्याच्या कुळावरून होणारा त्रास इतका तीव्र किंवा सततचा हवा की त्याचं शिकणं अडेल, विद्यापीठाला तो माहीत हवा, आणि तरी विद्यापीठानं योग्य पावलं उचललेली नसावीत. एखाद्याच्या बोलण्यावर शिक्षा करता येत नसेल तेव्हाही विद्यापीठ त्या बोलण्याचा जाहीर निषेध करू शकतं, त्रास झालेल्या मुलाला आधार देऊ शकतं. शिक्षा करता येत नाही म्हणजे काहीच करता येत नाही, ही समजूत प्रशासनांना सोयीची पडते.

पैसे रोखण्याबद्दलही असाच गोंधळ आहे. ज्यू विद्यार्थ्यांचा छळ थांबवला नाही असं म्हणत ट्रम्प सरकारनं मार्च २०२५मध्ये कोलंबिया विद्यापीठाची सुमारे ४० कोटी डॉलरची अनुदानं रद्द केली. जुलैमध्ये कोलंबियानं तीन वर्षांत २० कोटी डॉलर, शिवाय नोकरीतल्या भेदभावाच्या तक्रारींसाठी २.१ कोटी, द्यायचं कबूल केलं. हार्वर्डची सुमारे २.२ अब्ज डॉलरची अनुदानं एप्रिलमध्ये गोठवली गेली. हार्वर्ड कोर्टात गेलं, आणि ३ सप्टेंबर २०२५ रोजी न्यायाधीश ॲलिसन बरोज यांनी ती कारवाई बेकायदा ठरवली. एक कारण बोलण्याचं स्वातंत्र्य, दुसरं टायटल सिक्सच. या कायद्याखाली पैसा तोडायचा तर आधी नोटीस द्यावी लागते, समजुतीनं सुधारणा करायची संधी द्यावी लागते, सुनावणी घ्यावी लागते, संसदेला कळवून ३० दिवस थांबावं लागतं. हे टप्पे वगळून पैसा तोडणं म्हणजे टायटल सिक्स ‘कडक’ राबवणं नव्हे. तो कायदा मोडणं झालं. हार्वर्डनं २९ एप्रिल २०२५ला स्वतःचे दोन अहवाल एकाच दिवशी काढले होते, एक ज्यू आणि इस्रायली विद्यार्थ्यांबद्दल, दुसरा मुस्लिम, अरब आणि पॅलेस्टिनी विद्यार्थ्यांबद्दल. दोन्हींत भीती आणि एकटेपण आहे. सरकारी कारवाई मात्र पहिल्याच्या नावानं झाली. त्याच मार्चमध्ये नागरी हक्क कार्यालयाच्या १२पैकी ७ प्रादेशिक शाखा बंद झाल्या, म्हणजे दोन्ही समाजांच्या मुलांच्या तक्रारी ज्या टेबलांवर जायच्या तीच टेबलं उचलली गेली. ज्यू विद्यार्थ्यांची खरी काळजी असलेल्या माणसानं यावर गप्प बसू नये असं मला वाटतं.

आमच्या ओळखीतली मिरजेची एक मुलगी तिकडे एमएस करते. हिजाब घालते. तिच्या खोलीच्या दारावर तीन आठवडे चिठ्ठ्या लागत होत्या. तिनं विद्यापीठाच्या कार्यालयाला ईमेल केला, विषय लिहिला ‘धार्मिक भेदभाव’. उत्तरात सणांच्या सुट्ट्यांचं धोरण आणि प्रार्थनेच्या खोल्यांची यादी आली. तिनं मला फोन केला तेव्हा ती रडत होती. म्हणाली, “मावशी, मी खोली मागितलीच नव्हती हो.” चिठ्ठीवर काय लिहिलंय ते वाच, म्हटलं. तिनं वाचलं: परत जा, आणि पुढे एका अरब देशाचं नाव. ती आयुष्यात कधी त्या देशात गेलेली नाही. दुसऱ्या ईमेलमध्ये तिनं धर्म हा शब्द एकदाच वापरला. चिठ्ठ्यांचे फोटो, तारखा, पहिल्यांदा कुणाला कळवलं त्याचं नाव आणि वेळ, आणि ‘मला अमुक देशाची समजून’ हे शब्द जसेच्या तसे लिहिले. या वेळी दोन दिवसांत तपास अधिकाऱ्याचा फोन आला. सरकारकडे तक्रार करायला शेवटच्या घटनेपासून १८० दिवस असतात. तिनं ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनानं गोल करून ठेवली आहे.