वारंवार गैरहजेरी, शालेय

वारंवार गैरहजेरी : पटावर नाव असूनही विद्यार्थ्याचे शाळेचे इतके दिवस बुडणे, की त्याचे शिकणे मागे पडते. शाळा भरलेल्या दिवसांपैकी १० टक्के किंवा त्याहून अधिक दिवस चुकले तर ती वारंवार गैरहजेरी, ही मर्यादा आज बहुतेक अभ्यासक धरतात. ताप, जत्रा, घरकाम, चुकलेली बस किंवा शाळेला मारलेली दांडी, कारण कोणतेही असले तरी बुडालेला दिवस मोजला जातो. शाळाचुकवेगिरी हा तिचा एक भाग आहे आणि प्राथमिक वर्गांत तो लहान भाग आहे.

संज्ञा व व्युत्पत्ती : ‘हजर’, ‘गैरहजर’ हे शब्द मूळ अरबी, फार्सीमार्गे ते मराठीच्या दफ्तरी भाषेत रुळले. ‘खाडा’ हा रोजंदारीच्या हिशेबातला शब्द. काम न झालेला, म्हणून पैसे कापायचा दिवस तो खाडा. तिथून तो शाळेच्या हजेरीपटावर आला असावा. ‘दांडी मारणे’ याची व्युत्पत्ती वादग्रस्त आहे. तराजूची दांडी मारून माप कमी देणे, या अर्थाशी तिचा संबंध जोडता येतो. हिंदीत ‘डंडी मारना’ याचा अर्थ आजही मापात खोट करणे असाच आहे. मात्र बाजारातला हा अर्थ शाळेत कसा आला, ती मधली पायरी स्पष्ट नाही. ‘दांडी’चे इतर अर्थही बरेच असल्यामुळे हा तर्क संभाव्य म्हणूनच घ्यावा. पोर्तुगीजमधील ‘फाल्ता’ या शब्दाचे उणीव, चूक आणि वर्गातील गैरहजेरी असे तिन्ही अर्थ होतात. इंग्रजी ‘ट्रुअंट’ जुन्या फ्रेंचमधून आला. तिथे त्याचा अर्थ भिकारी, भटक्या असा होता, आणि त्याचे मूळ बहुधा केल्टिक असावे. यांतल्या बऱ्याच शब्दांत मुलावर ठपका आहे, कारणाचा शोध नाही. म्हणून या नोंदीत ‘गैरहजेरी’ हा साधा शब्द वापरला आहे. नोंदीतील कारणे व उपाय मुख्यतः गोव्यातील शाळांना धरून आहेत.

मोजणी : बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ नुसार पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० आणि सहावी ते आठवीसाठी २२० कामाचे दिवस ठरले आहेत. १० टक्क्यांच्या हिशेबाने ही मर्यादा अनुक्रमे २० व २२ दिवसांवर येते, म्हणजे महिन्याला जेमतेम दोन दिवस. दोन दिवस कोणाच्या डोळ्यांत भरत नाहीत, आणि घोटाळा इथेच होतो.

वर्गाची सरासरी हजेरी हा घोटाळा झाकून टाकते. समजा, वर्गात ३० मुले आहेत आणि वर्षाचे २२० दिवस. २४ मुलांचे प्रत्येकी ११ दिवस चुकले आणि ६ मुलांचे प्रत्येकी ४४. एकूण ६,६०० विद्यार्थी-दिवसांपैकी ५२८ बुडाले, म्हणून वर्गाची हजेरी ९२ टक्के दिसते. या आकड्यावर कोणताही मुख्याध्यापक समाधान मानील. प्रत्यक्षात सहा मुलांचा पाचातला एक दिवस वर्षभर बुडालेला असतो. म्हणून हजेरीपट आडवा वाचावा, उभा नव्हे : दिवसाची बेरीज पोषण आहाराच्या हिशेबाला लागते, मुलाची बेरीज मुलासाठी.

मर्यादेबाबत एकमत नाही. अमेरिकेत नागरी हक्कविषयक शालेय आकडेवारीत वर्षाला १५ दिवसांचा निकष होता. इंग्लंडमध्ये २० टक्क्यांवरून १५ आणि सप्टेंबर २०१५ पासून १० टक्के असा तो खाली आला. भारतात शाळाबाह्य मूल ठरवण्यासाठी पूर्वसूचनेशिवाय ४५ दिवस गैरहजर हा निकष वापरला गेला. काही राज्यांनी तो कमी ठेवला. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाची परीक्षेसाठी ७५ टक्के हजेरीची अट पाळूनही २२० पैकी ५५ दिवस चुकवता येतात. या सर्वांत टक्केवारीचा निकष अधिक उपयोगी वाटतो, कारण तो पहिल्याच महिन्यात लावता येतो. जूनच्या २० दिवसांत २ खाडे झाले की खूण करावी, १५ व्या खाड्याची वाट पाहू नये.

भागाकारात खालचा आकडा कोणता, हेही महत्त्वाचे. ऑगस्टमध्ये दुसऱ्या राज्यातून येऊन दाखल झालेल्या मुलाचे पहिल्या १०० दिवसांत १२ दिवस बुडाले, तर त्याची गैरहजेरी १२ टक्के आहे. हेच १२ दिवस २२० शी ताडले तर साडेपाच टक्के दिसतात आणि मूल यादीतून निसटते. दिवस नेहमी नाव घातल्यापासून मोजावेत. जेवणानंतर घरी गेलेल्या मुलाला अर्धा दिवस लावण्याची पद्धत वर्षभर एकसारखी ठेवावी.

प्रकार : सध्याच्या विवेचनात चार प्रकार वेगळे केले जातात. मूल घरच्यांना न कळवता शाळा चुकवते ती शाळाचुकवेगिरी. शाळेच्या धास्तीने मूल घरीच राहते आणि पालकांना ते ठाऊक असते, तो शाळानकार. पालक आपल्या गरजेसाठी मुलाला घरी ठेवतात, हा तिसरा. आणि शाळाच मुलाला दूर ठेवते, हा चौथा. पहिल्या दोहोंतील फरक ब्रॉडविन यांनी १९३२ मध्ये दाखवला. जॉन्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४१ मध्ये दुसऱ्याला ‘शाळाभय’ म्हटले. पुढे भय हा शब्द अपुरा ठरला, कारण बऱ्याच मुलांना शाळेपेक्षा घर सोडण्याचीच धास्ती असते. मानसशास्त्रज्ञ कर्नी यांनी वर्तनाच्या हेतूवरून विभागणी केली : त्रासदायक गोष्ट टाळणे, चारचौघांतील परीक्षण टाळणे, घरच्यांचे लक्ष मिळवणे आणि बाहेरचे आकर्षण. उपचारासाठी ही विभागणी सोयीची आहे. शिक्षा वा समजावणी एकाच मापाने केली तर शाळानकार वाढतो. अशा मुलाचे पोट सोमवारी सकाळी खरोखर दुखते, आणि अकरा वाजेपर्यंत ते थांबलेलेही असते. हे ढोंग नव्हे.

इतिहास : मुलांनी शाळेत यावे यासाठी कायद्याचा आग्रह महाराष्ट्र-गुजरातेत जुना आहे. जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली. सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेलीत सक्तीचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो बडोदे संस्थानभर नेला. गोपाळ कृष्ण गोखले यांचे सक्तीच्या शिक्षणाचे १९११ चे विधेयक पुढच्या वर्षी फेटाळले गेले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्ती आणली. १९२९ च्या हार्टोग समितीने ‘गळती व स्थगिती’ (मध्येच शाळा सुटणे व एकाच वर्गात अडकून राहणे) हे शब्द रूढ केले. त्यानंतर लक्ष गळतीवर खिळले आणि गळतीच्या आधीची गैरहजेरी मागे पडली. मूल एका दिवसात शाळा सोडत नाही, आधी ते खाडे करते.

गोव्यात मुक्तीनंतर दयानंद बांदोडकर यांच्या कारकिर्दीत (१९६३–७३) गावोगाव सरकारी प्राथमिक शाळा उघडल्या. त्या बहुतांशी मराठी माध्यमाच्या होत्या. अंतराचा प्रश्न त्यामुळे पुष्कळ सुटला. पटसंख्या घटून शाळा बंद वा एकत्र होतात, तिथे तो पुन्हा उभा राहतो. १९९५ चा गोवा सक्तीचे प्राथमिक शिक्षण अधिनियम व नंतरचा केंद्रीय अधिनियम हे आजच्या व्यवस्थेचे कायदेशीर आधार होत.

गोव्यातील कारणे : ती हंगामानुसार बदलतात. जून-जुलैत पाऊस, ओला गणवेश सुकत नाही आणि दुसरा जोड नसतो. चतुर्थीला कुटुंब मूळ घरी जाते आणि सुट्टीला पुढे-मागे दोन-दोन दिवस जोडले जातात. शिगमो, जत्रा, कालो या उत्सवांचे दिवस वाड्यागणिक वेगळे असतात. फेब्रुवारीपासून सत्तरी, धारबांदोडा, सांगे, काणकोण भागांत काजू सुरू होतो. बोंडू सकाळीच गोळा करायचे आणि प्राथमिक शाळाही सकाळचीच, त्यामुळे दोन्ही वेळा आपटतात. डोंगरातल्या धनगर-गवळी वस्त्यांवरून मुख्य रस्त्यापर्यंतची पायवाट हेच कारण असते. बालरथ (शाळेची बस) रस्त्यावर येतो, वस्तीवर नाही. वेर्णा, कुंडई, थिवी यांसारख्या औद्योगिक वसाहतींजवळच्या शाळांत परप्रांतीय कामगारांची मुले मोठ्या संख्येने असतात. गावी गेलेले कुटुंब कधी परतेल, ते कोणी विचारलेले नसते. सहावी-सातवीपासून मुलींचे महिन्याला दोन-तीन दिवस पाळीमुळे बुडतात. शौचालयाला आतून कडी, नळाला पाणी आणि झाकणाची बादली यांवर ते पुष्कळसे अवलंबून असते.

उपाय : हजेरी पहिल्या तासाला घ्यावी. शनिवारी आठवड्याची भरलेली हजेरी निरुपयोगी, कारण ती आठवणीवर लिहिलेली असते. न आलेल्या मुलाच्या घरी त्याच दिवशी फोन जावा. पहिला प्रश्न ‘का आला नाही?’ असा नसावा. ‘बरा आहे ना?’ असे विचारले की पालक खरे सांगतात. सलग तिसऱ्या दिवशी वर्गशिक्षकाने घरी जावे. महिनाअखेरीस प्रत्येक मुलाची बेरीज पटाच्या कडेला लिहावी : ५ टक्क्यांवर पालकांना चिठ्ठी, १० टक्क्यांवर प्रत्यक्ष भेट, २० टक्क्यांवर शाळा व्यवस्थापन समिती किंवा पालक-शिक्षक संघ आणि भागशिक्षणाधिकारी यांना कळवणे. वार लिहायला विसरू नये. खाडे सोमवारीच पडत असतील, एकाच विषयाच्या दिवशी पडत असतील, तर कारण निम्मे सापडले.

चिठ्ठीत उपदेश नको, आकडा हवा. फिलाडेल्फियात २८,००० हून अधिक कुटुंबांवर झालेल्या प्रयोगात (प्रकाशन २०१८) मुलाचे एकूण किती दिवस बुडाले एवढेच टपालाने कळवल्याने वारंवार गैरहजेरी सुमारे १० टक्क्यांनी घटली. पालक आपल्या मुलाचे खाडे कमी समजतात, असे त्यातून दिसले. ‘तुमच्या मुलीचे जूनपासून १४ दिवस बुडाले’ हे वाक्य पुरेसे आहे. मराठी न वाचणाऱ्या पालकाला ते त्याच्या भाषेत सांगावे. वर्गातल्याच मोठ्या मुलाला दुभाषी करू नये.

संपूर्ण हजेरीचे बक्षीस लोकप्रिय आहे, पण त्याचा भरवसा नाही. अमेरिकेतील १५,००० हून अधिक विद्यार्थ्यांच्या प्रयोगात मागील हजेरीबद्दल बक्षीस मिळालेल्यांची पुढची हजेरी उलट कमी झाली. ज्याला बक्षिसाची सर्वांत गरज, तो पहिल्याच आठवड्यात स्पर्धेबाहेर जातो, आणि तापात मूल शाळेत येते ते वेगळेच. उशिरा आलेल्याला वर्गाबाहेर उभे करणे सर्वांत वाईट : पुढच्या वेळी उशीर झाला की तो येतच नाही. शिवाय मानसिक छळ २००९ च्या अधिनियमाच्या कलम १७ ने निषिद्ध आहे.

शाळानकारात परतणे पायरीपायरीने करावे. आधी फाटकापर्यंत, मग ओळखीच्या शिक्षिकेबरोबर एक तास, मग मधल्या सुट्टीपर्यंत, मग पूर्ण दिवस. प्रत्येक पायरीला दोन-तीन दिवस द्यावेत आणि मागे फिरू नये. आठवडाभर घरी राहू दिले तर धास्ती मुरते. गावी जाणाऱ्या कुटुंबाकडून परतीची तारीख विचारून पटावर लिहावी. परत आलेल्याला बुडालेल्या पाठांची वही पहिल्याच दिवशी सोबत्याकडून मिळावी; काही कळत नाही म्हणून दुसऱ्या दिवशी न येणारी मुले पुष्कळ असतात.

आठवीपर्यंत सततच्या गैरहजेरीवरून नाव कमी करता येत नाही. कलम १६ तशी काढून टाकण्यास मनाई करते. दाखला नाही म्हणून दुसऱ्या शाळेने प्रवेश लांबवणेही बेकायदा आहे. नववी-दहावीला हे संरक्षण नाही. ऑक्टोबर ते मार्च या पर्यटन हंगामात केटरिंगमध्ये किंवा शॅकवर (किनाऱ्यावरच्या तात्पुरत्या उपाहारगृहात) रात्री उशिरापर्यंत काम करणारा मुलगा सकाळी उठू शकत नाही. त्याच्याशी बोलणी घरच्या मिळकतीपासूनच सुरू करावी लागतात.