म्हातारपणी जठराला पडणारा पीळ : दीड शतकाची पार्श्वभूमी

पंचाहत्तरी ओलांडलेल्या आजींना जेवल्यावर छातीच्या खाली अचानक कळ येते. कोरडे उमासे येत राहतात, पण बाहेर काही पडत नाही. घरात पहिली शंका गॅसची आणि दवाखान्यात हृदयाची. ईसीजी काढतात, रक्त तपासतात. हृदय ठीक निघाले की 'या वयात पचन मंदावतेच' असे म्हणून आम्लपित्ताची गोळी हातात पडते. अशा बहुतेक रुग्णांच्या बाबतीत ते पुरेसेही असते. मोजक्या काहींच्या बाबतीत मात्र जठर स्वतःभोवती फिरलेले असते, त्याला पीळ पडलेला असतो. वैद्यकशास्त्रात याला गॅस्ट्रिक व्हॉल्व्ह्युलस म्हणतात. हा आजार दुर्मीळ आहे, पण निदान हुकते ते केवळ त्यामुळे नाही. म्हाताऱ्या माणसाची पोटाची तक्रार फारशी न ऐकता वयाच्या खात्यात जमा करायची सवय त्याला अधिक कारणीभूत आहे, असे मला वाटते.

या आजाराची पहिली स्पष्ट नोंद 1866 मधली. इटलीतल्या अँटोनियो बर्टी यांनी एकसष्ट वर्षांच्या एका स्त्रीच्या शवविच्छेदनात पीळ पडलेले जठर पाहिले आणि त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. क्ष-किरणांचा शोध लागायला अजून जवळजवळ तीस वर्षे होती, त्यामुळे जिवंत माणसात हे ओळखायचे तर पोट उघडण्यावाचून मार्ग नव्हता. आणि त्या काळात पोट उघडणे म्हणजेच जिवाशी खेळ. तरीही 1897 मध्ये बर्ग या शल्यचिकित्सकाने अशा दोन रुग्णांची शस्त्रक्रिया आणि ते बरे झाल्याचा वृत्तांत छापला. तोवर केवळ विच्छेदनाच्या टेबलावर कळणारा हा आजार त्यानंतर उपचाराच्या कक्षेत आला.

जठर मुळात फिरते कसे, हे थोडे सविस्तर सांगायला हवे. जठर म्हणजे दोन्ही टोकांना बांधलेली झोळीच. वर अन्ननलिका, खाली आतड्याची सुरुवात, आणि मधला भाग यकृत, प्लीहा, मोठे आतडे व श्वासपटल (छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूचा पडदा) यांच्याशी पातळ बंधांनी जोडलेला. वयाबरोबर हे बंध सैल पडतात. श्वासपटलातून अन्ननलिका खाली उतरते त्या जागेचे छिद्रही रुंदावते. हाडे ठिसूळ होऊन पाठीला पोक आलेल्या वृद्ध स्त्रियांमध्ये पोटातला दाब वाढतो आणि जठराचा वरचा भाग त्या छिद्रातून छातीत सरकू लागतो. यालाच हर्निया म्हणतात. काहींचे जवळजवळ सगळे जठर हृदयाच्या मागे जाऊन बसते. तिथे पोचताना ते उलटेपालटे होते आणि पीळ पडायला जागा मिळते. सिंगलटन यांनी 1940 मध्ये या पिळाचे दोन मुख्य प्रकार मांडले. पहिल्यात जठर आपल्या लांबीच्या अक्षाभोवती फिरते, दुसऱ्यात आडव्या. वृद्धांमध्ये, विशेषतः हर्निया असलेल्यांमध्ये, पहिला प्रकार जास्त दिसतो. पीळ अर्ध्या फेरीच्या पुढे गेला की वाट बंद होते, आणि रक्तपुरवठा तुटला तर जठराची भिंत कुजू लागते.

निदानाच्या इतिहासातले मोठे नाव बर्लिनचे मोरित्झ बोरशार्ट यांचे. सोव्हिएत नेते लेनिन यांच्या शरीरातली गोळी 1922 मध्ये मॉस्कोत जाऊन काढणारे शल्यचिकित्सक ते हेच. त्यांनी 1904 मध्ये तीन खुणा सांगितल्या: पोटाच्या वरच्या भागात तीव्र वेदना, उलटीची जबर उबळ येऊनही काही न पडणे, आणि जठरात नळी न जाणे. उपकरणांशिवाय, रुग्णाच्या उशाशी बसून ओळखता येतील अशा या खुणा आजही वैद्यकीय विद्यार्थी पाठ करतात. तिसरी खूण तर वॉर्डातल्या अनुभवी सिस्टरच्याही लक्षात येते. नाकातून जठरात घालायची राईल्स ट्यूब नेहमीच्या खुणेपर्यंत जातच नाही, पुन्हा पुन्हा अडते. लंडनच्या गाईज हॉस्पिटलचे जॉन राईल यांनी ही नळी 1921 मध्ये आणली. ती पोटातला रस तपासण्यासाठी होती, पण पुढे जठर मोकळे करण्यासाठी जगभर तीच वापरली जाऊ लागली.

वृद्धांच्या बाबतीत मात्र बोरशार्टच्या खुणांवर सगळी भिस्त ठेवता येत नाही. तिन्ही एकत्र दिसतीलच असे नाही. जठर छातीत चढलेले असेल तर पोट हाताला मऊ लागते, फुगलेले दिसत नाही, आणि दुखते तेही छातीत. धाप लागते. म्हणून रुग्ण हृदयाच्या किंवा छातीच्या डॉक्टरांकडे जातो आणि तिथेच अडकतो.

खरा उजेड पडला तो क्ष-किरणांमुळे. क्ष-किरणांत उठून दिसणाऱ्या बेरियमचा पांढरा घोट पाजून जठराचा आकार पाहण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रुळली. 1926 मध्ये स्वीडनच्या आके ओकरलुंड यांनी श्वासपटलाच्या छिद्रातून होणाऱ्या हर्नियांचे तीन प्रकार लावून दिले. छातीच्या साध्या एक्स-रेमध्येही अनेकदा सुगावा लागतो: हृदयाच्या सावलीमागे हवेचा गोल फुगा, आणि त्याच्या तळाशी पट्टीने आखल्यासारखी द्रवाची सरळ आडवी रेघ. ही रेघ रुग्ण उभा किंवा बसलेला असताना काढलेल्या फिल्मवरच उमटते. थकलेल्या म्हाताऱ्या रुग्णाचा एक्स-रे बहुधा आडवे झोपवून काढतात, आणि तिथेच ती निसटते. आता सीटी स्कॅनवर काही मिनिटांत चित्र स्पष्ट होते, मात्र तो करण्याइतकी शंका आधी कुणाच्या तरी मनात यावी लागते.

या आजाराचे एक शांत रूपही आहे आणि ते फार उशिरा ध्यानात आले. 1986 मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे कॅमेरॉन आणि त्यांचे सहकारी हिगिन्स यांनी दाखवले की मोठ्या हर्नियात जठराची घडी श्वासपटलाशी जिथे चेपली जाते, नेमक्या तिथे उभे, रेघेसारखे ओरखडे उठतात. त्यांतून थोडे थोडे रक्त झिरपत राहते. हिमोग्लोबिन वारंवार उतरणे, लोहाच्या गोळ्यांनी तेवढ्यापुरते चढणे आणि मोठ्या आतड्याच्या तपासण्यांत काही न सापडणे, अशा चक्रात सापडलेल्या आजी-आजोबांच्या बाबतीत एन्डोस्कोपी (तोंडातून दुर्बीण घालून तपासणी) करताना या घडीकडे मुद्दाम पाहायला हवे. ओझरत्या नजरेला ते ओरखडे दिसत नाहीत.

उपचारांची दिशा एकदा एका टोकाला गेली आणि मग परत आली. 1967 मध्ये स्किनर आणि बेल्सी यांनी असा हर्निया असूनही त्रास किरकोळ म्हणून शस्त्रक्रिया न केलेल्या 21 रुग्णांची हकीकत मांडली. त्यातले 6 जण हर्नियाच्या गुंतागुंतीने दगावले. हा आकडा शल्यचिकित्सकांच्या मनावर असा कोरला गेला की पुढची कित्येक वर्षे हर्निया दिसला की वय कितीही असो, ऑपरेशन करा, हाच सल्ला होता. 21 रुग्णांवर इतका मोठा निष्कर्ष उभा राहिला, हे आज खटकते. 2002 मध्ये स्टायलोपूलोस आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध माहितीवरून नव्याने हिशेब मांडला. तातडीची शस्त्रक्रिया लागण्याचा धोका वर्षाला साधारण 1.1 टक्के, ठरवून केलेल्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेतला मृत्युदर 1.4 टक्के आणि तातडीच्या शस्त्रक्रियेतला 5.4 टक्के निघाला. त्रास नसलेल्या किंवा अगदी कमी असलेल्या बहुतेक रुग्णांनी लक्ष ठेवून थांबावे, असा त्याचा अर्थ. हा हिशेब चार घास खाल्ले की गुदमरणाऱ्या, वजन घटत चाललेल्या रुग्णाला लागू नाही. तिथे थांबणे म्हणजे तातडीच्या ऑपरेशनची वाट पाहणेच.

मधल्या काळात शस्त्रक्रियाही बदलली होती. 1992 मध्ये कुशिएरी आणि सहकाऱ्यांनी मोठा हर्निया दुर्बिणीतून दुरुस्त करण्याचे तंत्र मांडले. छाती किंवा पोट मोठे उघडावे लागेना, आणि ऐंशीच्या घरातल्या रुग्णांनाही शस्त्रक्रिया झेपू लागली. छिद्र पुन्हा रुंदावू नये म्हणून जाळी बसवण्याचा उत्साहही आला. 2006 मध्ये जैविक (प्राण्यांच्या ऊतींपासून बनवलेल्या) जाळीचे सहा महिन्यांचे निष्कर्ष आशादायक होते, पण 2011 मध्ये त्याच रुग्णांचा दीर्घकाळचा पाठपुरावा प्रसिद्ध झाला तेव्हा जाळी असो वा नसो, निम्म्याहून अधिक जणांमध्ये हर्निया तपासणीत परतलेला दिसला. दिलासा एवढाच की त्यातल्या बहुतेकांना त्याचा विशेष त्रास नव्हता.

ज्यांचे हृदय वा फुप्फुसे मोठी भूल सोसू शकत नाहीत, त्यांच्यासाठीचा मार्ग अनपेक्षित जागेहून आला. 1979 मध्ये क्लीव्हलँडमध्ये गॉडरर आणि पोन्स्की यांनी एका तान्ह्या बाळाला ऑपरेशनशिवाय, एन्डोस्कोपीच्या मदतीने पोटाच्या भिंतीतून थेट जठरात नळी बसवली. हेतू बाळाला अन्न देण्याचा होता. पुढे लक्षात आले की अशा नळीमुळे जठर पोटाच्या भिंतीला धरून राहते. एन्डोस्कोपीने पीळ सोडवायचा आणि एक-दोन नळ्यांनी जठर जागेवर खिळवायचे, हा अशक्त वृद्धांसाठीचा पर्याय तिथून निघाला. यात हर्निया तसाच राहतो. जठराची भिंत कुजल्याचा संशय असेल तर हा मार्ग चालत नाही, तेव्हा शस्त्रक्रियाच लागते. म्हणून आता तातडीने आलेल्या रुग्णाला आधी शिरेतून द्रव देतात, नळीने जठर मोकळे करतात, सीटी स्कॅनवर भिंतीचा रक्तपुरवठा पाहतात, आणि मग कोणता मार्ग घ्यायचा ते घरच्यांशी बोलून ठरवतात.