अहवालातील 'आढळले नाही' या ओळीबद्दल : धान्यातील छुपी बुरशीविषे

आमच्या गहू, मका आणि ज्वारीच्या पिठासोबत आम्ही प्रयोगशाळेचा तपासणी अहवाल देतो, आणि तो हाती आल्यावर बहुतेक ग्राहक 'आढळले नाही' एवढीच ओळ वाचतात. ती ओळ खरी असते, परंतु जे शोधले त्यापुरतीच खरी असते.

गव्हाच्या ओंबीत किंवा मक्याच्या कणसात फ्युजेरियम जातीची बुरशी शिरली की डीऑक्सिनिव्हॅलेनॉल, झिअरॅलेनोन यांसारखी विषे तयार होतात. रोप स्वतःच्या बचावासाठी त्या विषाच्या रेणूला ग्लुकोज जोडते आणि तो पेशीत एका बाजूला साठवून ठेवते. रोपाचे काम त्याने भागते. मात्र मूळ रेणूच शोधणाऱ्या नेहमीच्या चाचणीतून ही साखर चिकटलेली रूपे निसटू शकतात, आणि पुढे माणसाच्या आतड्यातील जिवाणू ती साखर तोडून मूळ विष पुन्हा मोकळे करू शकतात. भारतात गव्हातील डीऑक्सिनिव्हॅलेनॉलची मर्यादा किलोमागे १००० मायक्रोग्रॅम आहे. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१७ मध्ये हे विष आणि त्याचे ग्लुकोज जोडलेले रूप यांची सुरक्षित मात्रा एकत्रच धरली, आणि आमच्या मते हिशेब असाच व्हायला हवा. म्हणून गव्हाच्या नमुन्यात आम्ही दोन्ही रूपे तपासून घेतो.

मक्यातील फ्युमोनिसिन या दुसऱ्या बुरशीविषाची गोष्ट थोडी वेगळी आहे. ते पिठातील स्टार्च आणि प्रथिनांना धरून बसते, त्यामुळे चाचणीत पूर्णपणे सुटून येत नाही. हे विष ज्वारीतही असते. दख्खनच्या पठारावरील काही गावांत १९९५ साली पावसात भिजलेल्या ज्वारीची आणि मक्याची भाकरी खाल्ल्याने लोकांना पोटदुखी, पोटात गुरगुर आणि जुलाब झाले, त्यामागे फ्युमोनिसिनच होते. ती भाकरीही तव्यावर भाजलेलीच होती. तव्याच्या आचेने या विषांचा भरवशाने नाश होत नाही. मोड आणण्यानेही ती जातात असे नाही, उलट बार्लीचे माल्ट करताना डीऑक्सिनिव्हॅलेनॉलचे ग्लुकोज जोडलेले रूप वाढल्याचे आढळले आहे.

खरेदीच्या वेळी आम्ही प्रत्येक पोत्यातील मूठभर दाणे परातीत पसरतो. गुलाबी झाक असलेले, काळे पडलेले किंवा सुरकुतून हलके झालेले दाणे जास्त दिसले, किंवा दाणा दाताखाली कडकन फुटला नाही, तर ते पोते परत जाते. अर्थात दिसायला टपोऱ्या दाण्यातही विष असू शकते, म्हणून ही पाहणी चाचणीच्या जागी नव्हे, चाचणीच्या आधी केली जाते.

पिठाला कुबट वास आल्यास ते चाळून किंवा भाजून वापरू नये. पाकिटावरील बॅच क्रमांक कळवून ते परत द्यावे. प्रत्येक बॅचचा नमुना आम्ही सहा महिने राखून ठेवतो आणि तक्रार आल्यावर तोच पुन्हा तपासणीला पाठवतो.